‘राजीनामा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न.

‘दोघा भावांनी कोर्टात राजीनामा केला’ या माझ्या वाक्यावर आपण आक्षेप घेतला आहे. राजीनामा म्हणजे पदत्याग, आणि ‘समेट’ हा अर्थ हिंदीच्या सहवासाने बिघडलेल्या इंदुरी मराठीचा, असे आपले म्हणणे आहे. पुण्याचा वाचक त्या वाक्याशी अडखळेल हे मला सुचायला हवे होते, ती चूक माझी. ‘बिघडलेल्या’ हे विशेषण मात्र मला मान्य नाही.

‘राजी’ हा मुळात अरबी शब्द, अर्थ संतुष्ट, कबूल. ‘नामा’ हा फारसी, म्हणजे लेख. तेव्हा राजीनामा म्हणजे आधी संमतिपत्रच. आमच्याकडे लोकअदालतीच्या बातम्यांत ‘राजीनामा योग्य प्रकरण’ असे आजही सर्रास छापून येते. सामाईक भिंतीवरून आमच्या काकांचा शेजाऱ्यांशी सहा वर्षे चाललेला दावा असाच मिटला; अर्ध्या पानाचा मजकूर, खाली दोघांच्या सह्या, आणि वर ठळक अक्षरांत ‘राजीनामा’. काकांनी तो कागद देवघरातल्या पोथ्यांबरोबर ठेवला आहे.

मग मराठीत पदत्याग कोठून आला? मुंबई इलाख्यात रयत जमीन सोडताना सरकारला राजीनामा लिहून देई आणि नवा कसणारा कबुलायत, म्हणजे जमीन घेत असल्याची लेखी कबुली, देई. कोणाच्या जबरदस्तीने नव्हे, तर राजीखुशीने सोडतो आहे, ही त्यातली ग्वाही महत्त्वाची. जमीन सोडण्याचा हा शब्द नोकरी सोडण्याला लागला असावा, असे माझे मत आहे. गुजराती, कन्नड आणि तेलुगूतही तो पदत्यागासाठीच रूढ आहे. हिंदीत त्या जागी ‘इस्तीफा’ आहे, आणि तो ‘माफ’ या शब्दाच्या कुळातला. म्हणजे पद सोडताना हिंदी भाषक मुळात मोकळीक मागतो, तर मराठी माणूस स्वतःची संमती लिहून देतो. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आपण कचेरीतून घेतो ती ‘रजा’सुद्धा ‘राजी’चीच सख्खी बहीण, तिचा मूळ अर्थ मर्जी, अनुमती.

म्हणून आमच्या कोर्टातला अर्थ मुळाला अधिक जवळचा आहे आणि आपला अर्थ मराठीत पुढे वाढलेला आहे; अशुद्ध दोन्हींपैकी एकही नाही. ते वाक्य मी तसेच ठेवतो आहे, फक्त ‘राजीनामा’पुढे कंसात ‘समेट’ हा शब्द आजच घातला आहे.