वायर जोडली की लॅग शून्य? जरा थांबा

गेमिंगच्या ग्रुपांत एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: "वायरलेस कंट्रोलरमध्ये लॅग असतोच. वायर लावा, लॅग शून्य. हवेतला सिग्नल कधीही तुटतो. म्हणून तर स्पर्धांमध्ये वायर्डच लागतो." लॅग म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा उशीर. मेसेज छातीठोकपणे लिहिलेला असल्यामुळे तो पटतोही.

आधी "लॅग शून्य" बघू. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते, केबलमधला सिग्नल उलट त्याहून थोडा हळू. सोफ्यापासून कन्सोलपर्यंतच्या अंतरात दोन्हींना काही नॅनोसेकंद लागतात, म्हणजे हा मुद्दाच नव्हे. वेळ जातो तो बटणाची स्थिती किती वेळा विचारली जाते यात. यालाच पोलिंग रेट म्हणतात. सेकंदाला 125 वेळा विचारणा होत असेल तर दोन विचारणांमध्ये 8 मिलिसेकंद जातात, 1000 वेळा असेल तर 1. वायर्ड कंट्रोलर आहे म्हणून हा आकडा आपोआप चांगला असतो असं नाही. सोनीच्या पीएस 4 कन्सोलचा कंट्रोलर ड्युअलशॉक 4 पीसीला यूएसबीने जोडला तर साधारण 250 वेळा माहिती जाते आणि ब्लूटूथवर त्याहून बरीच जास्त वेळा. इथे वायरच हरते!

त्यातही सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेमच 16.7 मिलिसेकंदांची. टीव्हीचा गेम मोड बंद असेल तर चित्रावरच्या प्रक्रियेत अनेक फ्रेम सहज जातात. नवा कंट्रोलर मागवण्याआधी ते सेटिंग किती जण उघडून बघतात, कोण जाणे.

शिवाय केबल दिसते म्हणजे इनपुट तिच्यातूनच जातं, हेही गृहीत धरू नका. पीएस 4 सोबत आलेला पहिला ड्युअलशॉक 4 त्या कन्सोलला केबलने जोडल्यावर फक्त चार्ज व्हायचा. बटणं ब्लूटूथवरूनच जायची. पीएस 4 ला यूएसबीवरून इनपुट पाठवायची सोय 2016 च्या सुधारित मॉडेलमध्ये आली.

"सिग्नल तुटतो" यात मात्र तथ्य आहे. इन्फ्रारेडच्या जमान्यात समोरून कोणी गेलं तरी खेळ अडायचा. ती तक्रार निन्टेन्डोच्या 2002 मधल्या वेव्हबर्डसारख्या रेडिओ कंट्रोलरांनी मिटवली. पण आजचे बहुतेक कंट्रोलर 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि तिथे वायफायचीही गर्दी असते. ब्लूटूथ गजबजलेली चॅनेल टाळत उड्या मारतं, तरी माहितीचं एखादं पॅकेट हरवलं की पुन्हा पाठवावं लागतं आणि तेवढ्यापुरता अडखळा जाणवतो. सरासरी लॅगपेक्षा हा अधूनमधून येणारा धक्का जास्त त्रासदायक. यूएसबी 3.0 च्या पोर्टमधूनही याच पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलनेच 2012 मध्ये मांडलं होतं. डाँगल (कंट्रोलरचा सिग्नल घेणारा छोटा यूएसबी रिसीव्हर) पीसीच्या मागे, चालू हार्ड डिस्कशेजारी खोचलेला असेल तर छोट्या एक्स्टेंशन केबलने तो पुढे आणून बघा.

राहिल्या स्पर्धा. एका हॉलमध्ये शेकडो रेडिओ असल्यावर वायरवर भर देणं समजण्यासारखं आहे. फायटिंग गेमवाल्यांची डोकेदुखी मात्र वेगळीच. आधीच्या सामन्यातल्या खेळाडूचा कंट्रोलर कन्सोलशी पेअर झालेला राहतो, तो बॅग भरताना चुकून बटण दाबतो आणि दुसऱ्याच दोघांचा सामना मधेच पॉज होतो. त्यामुळे खुर्ची सोडण्याआधी कंट्रोलर अनपेअर करा, हे तिथे बजावून सांगावं लागतं.