दिवे नसले तरी विमान उतरतं, आणि गरुड म्हणजे वॉचमन नव्हेत

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा मुलगा हवाई दलाच्या भरतीची तयारी करतोय, पहाटे पाचला उठून धावायला जातो, गरुड, म्हणजे हवाई दलाच्या खास दलातला कमांडो, व्हायचं म्हणतो. नात्यातल्या एका काकांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि पोरगं दोन दिवस गप्प बसलं. तो मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आलाय. म्हणणं असं : २०२३ मध्ये सुदानमध्ये लढाई पेटली तेव्हा हवाई दलाने तिथे अंधारात विमान उतरवून अडकलेली आपली माणसं आणली, ही निव्वळ जाहिरात, कारण धावपट्टीवर दिवे नसतील तर विमान उतरूच शकत नाही, ते विमान साधं मालवाहू, आणि त्यातले गरुड म्हणजे विमानतळाचे वॉचमन, त्यांनी कधी गोळी झाडलेली नाही.

आधी दिव्यांचं बघू, कारण सगळा मेसेज त्याच खुंटीवर टांगलाय.

२७ आणि २८ एप्रिल २०२३ च्या मधली रात्र. सुदानची राजधानी खार्टूम, तिच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर वादी सैदनाची धावपट्टी. पोर्ट सुदान या बंदरापर्यंत पोहोचायचं काहीच साधन नसलेली १२१ माणसं तिथे आली होती. त्यांत आजारी होते, एक गर्भवती बाई होती. हवाई दलाचं त्या वेळचं निवेदन कुणीही शोधून वाचावं. धावपट्टी खराब, दिशा दाखवणारी यंत्रणा नाही, इंधन नाही, दिवेही नाहीत, हे सगळं त्यातच लिहिलंय. म्हणजे दिवे नव्हते ही गोष्ट कुणी लपवली नव्हती. आणि उतरले कसे, तेही तिथेच आहे. सी-१३०जे विमानाच्या इन्फ्रारेड सेन्सरने आधी धावपट्टीवर अडथळा नाही ना ते बघितलं, मग वैमानिकांनी नाइट व्हिजन गॉगल लावून विमान उतरवलं.

हा गॉगल चांदण्यांचा अंधुक उजेड हजारो पटींनी वाढवून दाखवतो. काळोख अगदी मिट्ट असेल तर तोही थकतो, हे मान्य. पण सेन्सरला उजेड लागतच नाही, तो उष्णतेतला फरक टिपतो. गॉगलमधून जेमतेम ४० अंशांचं दिसतं आणि जमीन नेमकी किती खाली आहे याचा अंदाज चुकतो. म्हणूनच हे काम कुणाही वैमानिकाला देत नाहीत, त्यासाठी वर्षानुवर्षं सराव केलेली माणसं असतात. १९८० मध्ये आपल्या ओलिसांना सोडवायला अमेरिकेची हर्क्युलिस, म्हणजे सी-१३० च, विमानं इराणच्या वाळवंटात अशीच रात्री उतरली होती. त्यांच्या एका माणसाने तीन आठवडे आधी जाऊन तिथे इन्फ्रारेड दिवे पुरून ठेवले होते. पुढे ती मोहीम फसली, आठ जण गेले. पण विमानं उतरली होती. जे चाळीस वर्षांपूर्वी झालं ते आज अशक्य कसं?

वादी सैदनाला इंजिनं चालूच ठेवली होती. आठ गरुडांनी माणसं आणि त्यांचं सामान सुरक्षित आत घेतलं, आणि उड्डाणही गॉगल लावूनच झालं. तिथून सौदी अरेबियातलं जेद्दाह सुमारे अडीच तास.

मालवाहू विमान म्हणाल तर आहेच, कोण नाही म्हणतंय? पण दिल्लीजवळच्या हिंडन तळावरच्या ७७ स्क्वाड्रनने याच जातीचं विमान २० ऑगस्ट २०१३ ला लडाखमध्ये चीनच्या सीमेजवळ दौलत बेग ओल्डीला, १६,६१४ फुटांवर, उतरवलं होतं. २०१४ मध्ये ग्वाल्हेरजवळ याच जातीचं विमान पडून पाच जण गेले, हेही खरं. हे काम सोपं आहे असं मी म्हणतच नाहीये.

आता ‘वॉचमन’. यात अर्धं खरं आहे, ते मानते. हवाई तळांचं रक्षण हे गरुडांच्या पहिल्या कामांपैकी एक, २००४ मध्ये दल उभं राहिलं ते त्यासाठीही. पण ती राखण म्हणजे काय, ते पंजाबात पठाणकोटच्या हवाई तळावर दिसलं. जानेवारी २०१६ मध्ये तळावर घुसलेल्या अतिरेक्यांशी लढताना गरुड कॉर्पोरल गुरसेवक सिंग गेले.

आणि ‘कधी गोळी झाडलेली नाही’? काका, सार्जंट मिलिंद किशोर खैरनार आपल्या नंदुरबार जिल्ह्यातले. ११ ऑक्टोबर २०१७ ला काश्मीरमध्ये हाजिनच्या चकमकीत ते आणि कॉर्पोरल नीलेश कुमार नयन शहीद झाले, दोघेही गरुड. दोघांनाही मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. सव्वा महिन्याने, १८ नोव्हेंबरला, त्याच हाजिन भागात कॉर्पोरल ज्योती प्रकाश निराला लढता लढता गेले. त्यांना अशोकचक्र मिळालं, २६ जानेवारी २०१८ ला राष्ट्रपतींनी ते त्यांच्या पत्नी आणि आईच्या हाती दिलं. ते तर देशाने टीव्हीवर पाहिलं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो आज पुन्हा पाचला उठून धावायला गेला. आणि हे मी घरच्या ग्रुपवरही टाकतेय. काकांनी बाकीचं मानावं, न मानावं, पण गोळीबद्दलचं ते वाक्य आजच्या आज मागे घ्यावं.