त्या गोल चक्राला एकदा तरी वाचा फुटू दे

सोमवारी रात्री ११ वाजेपर्यंत माझा कंप्यूटर उत्तम चालत होता. हे आधी लिहून ठेवते, कारण गेले ९ दिवस जो भेटतो तो मला एकच सांगतो, "जुना झाला असेल हो." अरे, सोमवारी रात्री नव्हता ना जुना! एका मुंजीची पत्रिका संपवली, फाइल प्रेसवाल्याला पाठवली आणि झोपले. मंगळवारी सकाळी डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढली आणि तासाभरात त्याला म्हातारपण आलं?

चढली म्हणजे मीच चढवली, मान्य. पण दोन महिने रोज सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात ती पाटी यायची. नवीन आवृत्ती तयार आहे. आत्ता, की नंतर? 'नको' असं बटणच नाही. दारावर आलेला चादरीवाला तरी दोनदा नको म्हटलं की पुढच्या घरी जातो.

मी सुदामा नगरात घरूनच काम करते. पत्रिका, आरत्यांची पुस्तकं, गणपतीत मंडळांच्या स्मरणिका. इंदूरात मराठी पत्रिका हवी असणारी घरं अजून खूप आहेत, आणि त्यातला 'श्रीकृपेकरून' शुद्ध छापून मिळावा असं वाटणारी आजीही प्रत्येक घरात एक असतेच. म्हणजे काम घाईचं आणि डोळ्यात तेल घालून करायचं. आणि आता? आधी ९ सेकंदांत उघडणारं सॉफ्टवेअर ५० सेकंद घेतंय. तेही चाललं असतं, सकाळी एकदाच उघडायचं असतं. पण नवी फाइल घेतली की ४० सेकंद. पानाचं माप बदललं की ४० सेकंद. पडदा पांढराफटक, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आणि मध्ये ते गोल गोल फिरणारं चक्र. चार पानांच्या पत्रिकेला माप किती वेळा बदलावं लागतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

मग सुरू झाले सल्ले. पुण्याचा भाचा म्हणाला, "आत्या, रिस्टार्ट केलास का?" रोज रात्री बंद करते रे! तर म्हणे, शटडाउन वेगळं आणि रिस्टार्ट वेगळं. हल्ली बंद करताना विंडोज आतला बराच भाग डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं, कोरी सुरुवात फक्त रिस्टार्टने होते. बरं, ही नवी माहिती मिळाली, त्याबद्दल आभार. केलं रिस्टार्ट. ४० सेकंद.

तात्पुरत्या फाइली साठतात तो टेम्प फोल्डर साफ कर, म्हणाला. केला. २०१७ मध्ये स्वच्छतेत पहिला नंबर आल्यापासून आम्ही इंदूरकर ओला-सुका वेगळा केल्याशिवाय चहाची पत्तीसुद्धा टाकत नाही, मला कचरा काढायला कोण शिकवतंय! ४० सेकंद. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना तपासतो, म्हणून माझं कामाचं फोल्डर त्यातून वगळलं. ४० सेकंद.

मग संशय फॉन्टवर. माझ्याकडे २,००० च्या वर फॉन्ट आहेत आणि फार फॉन्ट असले की अशी सॉफ्टवेअरं उघडताना रेंगाळतात, हे खरंच आहे. म्हणून एका दुपारी बसून निम्मे काढले. संध्याकाळी जोशी काकूंचा फोन, "अगं, थोरल्याच्या पत्रिकेसारखीच धाकट्याची कर." थोरल्याची फाइल उघडली तर 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ! जुन्या फॉन्टांचं हेच दुखणं. मराठी अक्षरांना स्वतःची जागा देणारं युनिकोड यायच्या आधीचे ते, आतून सगळं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेलं, वरून फक्त मराठी वेष. फॉन्ट गेला की वेष उतरतो. रात्री १ वाजेपर्यंत एकेक करून सगळे परत घातले. आणि वेळ किती वाचला होता म्हणता? सॉफ्टवेअर उघडताना ३ सेकंद. फक्त ३! ते ४० जिथल्या तिथे.

हेल्पलाइनचं तर बोलूच नका. ३५ मिनिटं बासरी ऐकवली आणि मग एक मुलगा म्हणतो, "मैडम, अनइंस्टॉल करके फिर से इंस्टॉल कर लीजिए." केलं. त्यात माझे स्वतः बसवलेले कीबोर्डचे शॉर्टकट गेले, रंगांचे जमवलेले संच गेले. वर्षानुवर्षांची हाताची सवय गेली. आणि ते ४० सेकंद मात्र इमानी, जागचे हलले नाहीत. आरएनटी मार्गावरचा एक दुकानदार मशीन न बघताच म्हणाला, "भाभी जी, आठ जीबी रैम में अब कुछ नहीं होता, सोलह करवा लो." एसएसडी, म्हणजे ती वेगवान डिस्क, आधीच घातलेली आहे, नाहीतर तीही विकली असती त्याने.

शेवटी आठव्या दिवशी, चिडून, कोणता प्रोग्राम किती काम करतोय ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून त्या चक्राकडे आणि आकड्यांकडे एकाच वेळी बघत बसले. प्रोसेसर २ टक्के. डिस्क शून्य. मेमरी निम्मी रिकामी. म्हणजे हे काम करतच नव्हतं! मी समजत होते बिचारं दमलंय, आणि हे नुसतं बसून होतं. माझं डोकं फिरलं ते इथे. दमलेल्याला रॅम द्या, बसलेल्याला रॅम देऊन काय होणार?

त्याच टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये नावावर उजवं क्लिक केलं की 'ॲनालाइज वेट चेन' असा पर्याय येतो. कोण कोणासाठी थांबलंय ते त्यात दिसतं. बघते तर आमचे साहेब थांबलेत छपाईच्या प्रोग्रामसाठी. छपाई? मी कुठे काय छापतेय? मी तर पीडीएफ करून प्रेसला पाठवते! प्रिंटरांची यादी उघडली. डिफॉल्टची, म्हणजे न विचारता आधी हाच धरायचा, अशी खूण होती मागच्या खोलीतल्या कंप्यूटरला जोडलेल्या जुन्या प्रिंटरवर. तो प्रिंटर, त्या कंप्यूटरसकट, दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला दिलाय. माझ्यासमोर हातगाडीवर चढवलाय.

जुनी आवृत्ती त्याच्या वाटेला जायची नाही. नवी मात्र प्रत्येक नव्या पानाआधी त्याला विचारायला जाते, की बाबा तुझ्याकडे कागदाची मापं कोणती? आणि उत्तराची वाट बघत बसते. पंगत मांडलीय, वरण-भात गार होतोय, आणि यजमान ज्या आजोबांसाठी थांबलेत ते दिवाळीतच गेलेत! बरं, पंगतीत निदान कोणीतरी येऊन सांगतं की आजोबा यायचेत, थांबा जरा. याला तेवढं एक वाक्य लिहिता येत नव्हतं? 'प्रिंटर सापडत नाही.' तीन शब्द. नव्या आवृत्तीत कोपरे गोल केलेत, बटणांचे रंग बदललेत, उघडताना माझ्या नावाने शुभ सकाळ म्हणतात. शुभ सकाळ म्हणायला तोंड आहे आणि कशासाठी थांबलोय हे सांगायला नाही!

डिफॉल्ट बदलून पीडीएफवर ठेवला. नवी फाइल टिचकीसरशी. विश्वास बसेना, म्हणून जुना प्रिंटर परत लावला, ४० सेकंद. पुन्हा पीडीएफ, पुन्हा टिचकी. असं तीनदा केलं आणि तिसऱ्यांदा त्या पडद्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ह्यांनी आतून येऊन विचारलं, "कुणाशी बोलतेयस गं?"

जोशी काकूंची पत्रिका दोन दिवस उशिरा गेली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त "हल्ली तुला खूप कामं असतात ना" म्हणाल्या, जे बोलण्याहून वाईट आहे.

आणि काल त्या दुकानदाराचा फोन, "भाभी जी, रैम आ गई है, ले जाओ." सातव्या दिवशी कंटाळून ५०० रुपये आगाऊ देऊन आले होते मी. ते परत मागायला आज रीगलवरून जायचंय.