शिफारस म्हणजे आदेश नव्हे: दिव्यांग हक्क कायद्याचं नेमकं कुठे अडतं

'कायदा चांगला आहे, अंमलबजावणी वाईट आहे.' दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, तेव्हापासून दर ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनाच्या, कार्यक्रमात हे वाक्य ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं. कारण अंमलबजावणीतली मोठी भोकं कायद्याच्या कलमांतच आहेत. भेदभाव कशाला म्हणायचं हे या कायद्यानं फार चांगलं सांगितलंय. पण भेदभाव झाल्यावर 'हे अमुक तारखेच्या आत करा' असं बजावण्याचा अधिकार, सामान्य माणसाला परवडेल अशा एकाही पायरीवर कोणाला दिलेला नाही.

आधी चांगली बाजू. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्के झालं. पण खरा बदल कलम २(ह) मध्ये आहे: वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव. वाजवी सोय म्हणजे त्या माणसाला बरोबरीनं काम करता यावं, शिकता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल, आणि तो करताना संस्थेवर अवाजवी बोजा पडता कामा नये. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालेल अशी फाइल, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ, दुसऱ्या मजल्यावरचं टेबल तळमजल्यावर आणणं, बैठकीला सांकेतिक भाषेचा दुभाषी. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा जवळपास लागतच नाही.

इथे एक गैरसमज सगळीकडे आढळतो. कार्यालयं आणि परीक्षा केंद्रं प्रत्येक सोयीसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मागतात. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. वाजवी सोय मिळायला ती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात स्पष्ट सांगितलं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारल्याचं ते प्रकरण होतं. काउंटरवर 'चाळीसच्या खाली आहे, बसत नाही' असं उत्तर मिळालं तर या निकालाचं नाव अर्जात घाला.

आता तक्रारीच्या पायऱ्या बघा. सरकारी आस्थापनेत कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. त्यानं तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. त्याशिवाय दिव्यांगांसाठीचे राज्य आयुक्त, आपल्याकडे पुण्याला. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. सुनावणी होते, दोन्ही बाजू ऐकल्या जातात, आणि शेवटी निघते ती शिफारस. त्यावर काय केलं हे संस्थेनं तीन महिन्यांत कळवायचं. शिफारस मान्य नसेल तर कारणं कळवायची, की झालं. १९९५ च्या कायद्याखाली केंद्रातल्या मुख्य आयुक्तांना अंतरिम स्थगितीसुद्धा देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच म्हटलं होतं. नवा कायदा करताना ही उणीव भरून काढायची संधी होती. संसदेनं शिफारशीचा शब्द तसाच ठेवला.

परीक्षा तीन आठवड्यांवर असताना या वेळापत्रकाचा काय उपयोग? नीट परीक्षेत डिसग्राफिया (हातानं लिहिणं अवघड जाणं) असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा एक तासाचा जादा वेळ केंद्रानं दिला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं मान्य केलं की तिच्यावर अन्याय झाला. पण फेरपरीक्षा घेता येणार नाही, अन्याय कसा दूर करता येईल ते परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेनं आठवड्याभरात पाहावं, असं सांगितलं. निकालपत्रातली तत्त्वं उत्तम आहेत, पुढच्या मुलांना त्यांचा आधार मिळेल. तो एक तास मात्र तिला मिळाला नाही. म्हणून किती तक्रारी निकाली निघाल्या या आकड्यावर मी कायद्याचं यश मोजत नाही. सोय वेळेत मिळाली का, एवढंच बघते.

खासगी नोकरीत तर अवस्था आणखी नाजूक आहे. नोकरीत वाजवी सोय देण्याचं थेट बंधन घालणारं कलम २० 'सरकारी आस्थापना' असेच शब्द वापरतं. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढायचं नाही, पद खाली आणायचं नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, हे फार मोलाचं संरक्षणही त्याच कलमात आहे, म्हणजे सरकारी नोकरांपुरतंच. अपघातात पाय गेलेल्या खासगी कंपनीतल्या कामगाराच्या हातात उरतं ते भेदभावाला सर्वसाधारण मनाई करणारं कलम ३, आणि कलम २१ मधलं समान संधी धोरण. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनं या धोरणात सोयींची यादी द्यायची, संपर्क अधिकारी नेमायचा, धोरण वेबसाइटवर किंवा आवारात ठळक जागी लावायचं आणि आयुक्तांकडे नोंदवायचं. तेव्हा भांडण सुरू करण्याआधी हे धोरण मागा. नसेल तर ते नसणं हाच पहिला मुद्दा.

दंडाची गंमत नव्हे, शोकांतिका बघा. कायद्याचं उल्लंघन केलं तर कलम ८९ खाली पहिल्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५०,००० ते ५ लाख. मागितलेली माहिती किंवा कागद दिले नाहीत तर कलम ९३ खाली २५,००० रुपयांपर्यंत, शिवाय टाळाटाळ चालू राहिली तर दिवसाला आणखी १,००० पर्यंत. म्हणजे पहिल्या भेदभावापेक्षा कागद दडवणं महाग! याचा उपयोग करून घ्या. आयुक्तांकडे तक्रार करताना 'सोय नाकारण्याचा निर्णय कोणी, कोणत्या टिपणीवर घेतला ते अभिलेख सादर करायला लावावेत' अशी वेगळी मागणी करा. भरपाईचं मात्र या कायद्यात एकही कलम नाही. दंड झालाच तर ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात काहीच पडत नाही. आयुक्तांना बंधनकारक आणि अंतरिम आदेशाचा अधिकार, भरपाईची तरतूद आणि कलम २० खासगी क्षेत्राला लागू करणं, या तीन दुरुस्त्या झाल्याशिवाय नुसत्या जनजागृतीनं फार फरक पडणार नाही असं माझं ठाम मत आहे.

तोवर अर्ज तरी नीट लिहूया. अनेक तक्रारी पहिल्या कागदावरच कमकुवत होतात. 'माझी परिस्थिती हलाखीची असून सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती' असं लिहिलं की हक्काची मागणी दयेचा अर्ज होऊन बसते, आणि मेहेरबानी नाकारणं हा भेदभाव ठरत नाही. सरकारी नोकरीत असाल तर विषयातच लिहा: 'कलम २०(२) अन्वये वाजवी सोय मिळणेबाबत.' मग चार गोष्टी: माझं काम काय, त्यात नेमका अडथळा कुठे, कोणती सोय हवी, ती कोणत्या तारखेपर्यंत हवी. खर्चाचा अंदाज जोडा, म्हणजे 'अवाजवी बोजा' म्हणताना समोरच्याला आकडा मांडावा लागेल. आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी मागणी आणि तोंडी नकार यांतून पुढे काहीही सिद्ध होत नाही.

इमारतींच्या बाबतीत मात्र कायद्यानं खरी ताकद दिली आहे, आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करायची पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं केंद्राचा नियम १५(१) रद्द ठरवला, कारण कायद्यानं सक्ती सांगितली होती आणि नियमानं तिच्या नुसत्या मार्गदर्शक सूचना करून ठेवल्या होत्या. किमान निकष बंधनकारक करा, तीन महिन्यांत, असा आदेश झाला. पण नव्या बांधकामासाठी कलम ४४ आधीपासून आहे: सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर आस्थापनेला बांधकाम परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही.

रॅम्प तपासायला इंजिनिअर लागत नाही. प्रमाण १:१२, म्हणजे १ फूट उंची चढायला १२ फूट लांबी. १५ सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची ४५ सेंटीमीटर, आणि रॅम्प किमान ५.४ मीटर लांब हवा. तिथे दीड मीटरचा उतार ओतून 'रॅम्प केला' म्हणतात, त्यावर व्हीलचेअर मागे उलटते. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आहे का, शौचालयात खुर्ची वळायला दीड मीटर जागा आहे का, तेही टेपनं मोजा. तुमच्या भागात नवी शाळा, दवाखाना किंवा बँकेची इमारत उभी राहत असेल तर मंजूर नकाशा माहितीच्या अधिकारात मागवा, ही मापं जागेवर घ्या, फोटो काढा आणि कलम ४४ चा हवाला देऊन महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात लेखी हरकत नोंदवा. हे पूर्णत्वाचा दाखला निघण्याच्या आधी करा. एकदा तो निघाला की त्याच रॅम्पसाठी व्हीलचेअरवरच्या माणसाला वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात.