हरायचे कोणी?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा बारा वर्षांचा भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. त्याच्यासाठी माळ्यावरचा जुना प्लेस्टेशन ३ खाली काढला आणि ‘मॉर्टल कॉम्बॅट व्हर्सेस डीसी युनिव्हर्स’ची डिस्क आत सरकवली. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या खेळातले योद्धे आणि डीसी कॉमिक्सचे सुपरहिरो यांची गाठ घालणारा हा खेळ. दोन संध्याकाळी बसून आम्ही त्याचा स्टोरी मोड, म्हणजे लढतींमधून कथा सांगणारा भाग, संपवत आणला. शेवटाजवळ सगळे योद्धे एकमेकांना लोळवतात, फक्त ‘मॉर्टल कॉम्बॅट’चा रेडन आणि डीसीचा सुपरमॅन उभे राहतात, आणि मग ते दोघेही एकमेकांवर तुटून पडतात.

“मामा, हे दोघं तर चांगले आहेत ना? मग एकमेकांना का मारतायत?”

“त्यांना राग आलाय.”

“कशाचा?”

मी गप्प बसलो, कारण कथेतही याहून अधिक काही सांगितलेले नाही. दोन विश्वे एकमेकांत मिसळू लागली, त्यातून एक विचित्र ‘रेज’, म्हणजे संताप, पसरला आणि त्याच्या भरात जो तो समोरच्याला मारत सुटला, एवढेच त्या भांडणाचे कारण. वैर नाही, जुने देणे-घेणे नाही, पटत नाही असेही काही नाही. ज्यांची गाठ पडावी म्हणून पैसे मोजून खेळ विकत घ्यायचा, त्यांना एकमेकांशी भांडायला खरे कारणच मिळू नये, हे मला गेली कित्येक वर्षे खुपत आले आहे.

‘फायटिंग गेम कथेसाठी कोण खेळतो?’ हा प्रश्न मित्रांनी मला इतक्यांदा विचारला आहे की त्याचे उत्तर आता पाठ झाले आहे. १९९६ च्या ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’मध्ये किंवा २००० सालच्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’मध्ये (एकीकडे मार्व्हल कॉमिक्सची पात्रे, दुसरीकडे कॅपकॉम या जपानी गेम कंपनीची) कथा नावापुरतीच होती, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. छप्पन्न पात्रे, तीन-तीनच्या जोड्या आणि पडद्यावर उसळलेला रंगांचा कल्लोळ. त्यात कोणी कथा मागितली नव्हती आणि कोणी ती देऊही केली नव्हती. तक्रार सुरू होते ती त्यानंतरच्या काळापासून. तासन्‌तास चालणारे कटसीन (लढतींच्या मध्ये दाखवली जाणारी दृश्ये), आवाज देणारे नट आणि जाहिरातीत ‘सिनेमासारखी कथा’ असा डंका, इतके सगळे पानात वाढायचे ठरवले की भात कच्चा का, हे विचारण्याचा हक्क जेवणाऱ्याला असतो.

या पंक्तीत सर्वांत वाईट वाढलेले पान माझ्या मते २०१७ च्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम: इन्फिनिट’चे. मार्व्हलचा अल्ट्रॉन आणि कॅपकॉमचा सिग्मा हे दोन यंत्रमानव इन्फिनिटी स्टोन वापरून एक होतात, ‘अल्ट्रॉन सिग्मा’ बनतात आणि दोन्ही विश्वांची सरमिसळ करून टाकतात. ब्लॅक पँथर या राजाचे वाकांडा आणि ‘मॉन्स्टर हंटर’ या शिकारीच्या खेळातले वाल हाबर मिळून ‘वाल्कांडा’ होते, थॉरचे अ‍ॅस्गार्ड आणि मेगामॅन एक्सच्या जगातले एबल सिटी मिळून ‘एक्सगार्ड’. नावे वाचून हसू येते, पण खरे तर इथेच सोन्याची खाण होती. एका सकाळी आपल्या राज्याच्या जागी निम्मे परके राज्य उगवले, तर राजा काय करेल? दुसऱ्याच्या रानात शिकार करून पोट भरणाऱ्याला तो हद्दीत शिरू देईल का? यातला एकही प्रश्न कथा धसास लावत नाही. आपण पडद्यासमोर स्थिरस्थावर होतो तोवर दोन्हीकडची मंडळी एका आघाडीत दाखल झालेली असतात आणि पूर्वी एकाच चाळीत राहिल्यासारखी एकमेकांच्या पाठीवर थाप मारत असतात. परकेपणाच नाही, तर भेटीला अर्थ कसला?

त्यावर कडी म्हणजे ब्लॅक पँथर आणि मॉन्स्टर हंटर कथेत मिरवतात, पण विकत घेतलेल्या खेळात ते निवडताच येत नाहीत. त्यांचे पैसे वेगळे मोजावे लागतात. मुख्य खलनायकाचा अर्धा हिस्सा असलेला सिग्माही तसाच वेगळा विकला गेला. याउलट वुल्व्हरिन, मॅग्नीटो आणि स्टॉर्म, ज्यांच्या जिवावर ही मालिका उभी राहिली, त्यांतला एकही या खेळात नाही. कोणत्या टेबलावर बसून कोणी काय ठरवले, ते मला माहीत असण्याचे कारण नाही, पण पात्रांची निवड कथेच्या गरजेतून झालेली नाही हे कळायला आतली बातमी लागत नाही.

मुळात या कथा फसण्याचे कारण लेखकांचा आळस आहे, असे मला वाटत नाही. दुसऱ्याच्या मालकीचे पात्र उसने आणले की ते जसे नेले तसेच परत करावे लागते. त्याला मरता येत नाही, बदलता येत नाही, आणि कायमचे हरता तर मुळीच येत नाही. मग लेखकाच्या हाती उरते काय? दोघांवर एकदम चाल करून येणारा तिसरा कोणीतरी, गैरसमजातून झालेली एक लढत, लगेच झालेला समेट आणि शेवटी ज्याचा तो आपल्या घरी. ‘मॉर्टल कॉम्बॅट व्हर्सेस डीसी’मध्ये तर ही अट उघड दिसते. पराभूत शत्रूचा जीव घेणारी ‘फेटॅलिटी’ ही ज्या मालिकेची ओळख, तिथे सुपरमॅन आणि बॅटमन यांना ती करता येत नाही. त्यांच्या वाट्याला ‘हिरोइक ब्रुटॅलिटी’ येते, म्हणजे मारायचे खूप पण जीव घ्यायचा नाही. दोन्ही विश्वांचे खलनायक शाओ कान आणि डार्कसाइड यांचे मिश्रण असलेला ‘डार्क कान’ संपल्यावर ते दोघे एकमेकांच्या विश्वात अडकून पडतात, ही एकच कल्पना मला मनापासून आवडली, आणि ती शेवटच्या काही मिनिटांत येऊन जाते. खलनायक मात्र हरलेले चालतात, असे दिसते.

मात्र याच खेळाचा आणखी एक धागा सांगायला हवा. हा खेळ २००८ सालचा. पुढच्याच वर्षी तो बनवणारी मिडवे कंपनी दिवाळखोरीत गेली, तिचा संघ वॉर्नर ब्रदर्सच्या छत्राखाली नेदररेल्म म्हणून उभा राहिला आणि प्रकरणागणिक नवे पात्र हाती देत लढतींमधून कथा पुढे नेण्याची तीच पद्धत वापरून त्याने २०११ चा ‘मॉर्टल कॉम्बॅट’ काढला, ज्याच्या स्टोरी मोडचे नाव आजही लोक काढतात. तंत्र तेच आणि माणसेही बरीचशी तीच. फक्त या वेळी पात्रे स्वतःच्या घरची होती, त्यामुळे ती मरू शकत होती, आणि ती मेलीही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’मध्ये (२०१२) अंटार्क्टिकावर एक ‘पँडोरा’ पेटी पडते आणि सगळे जोडीजोडीने तिकडे निघतात. पेटी हे केवळ निघण्याचे निमित्त आहे, हे पात्रांनाही ठाऊक असावे असे वाटते. ‘जंप फोर्स’ (२०१९) हा ‘जंप’ या जपानी कॉमिक्सच्या साप्ताहिकाच्या पन्नाशीचा सोहळा. त्यातले नायक नारुतो, गोकू, लुफी न्यूयॉर्कमध्ये उतरतात आणि बाहुल्यांसारखे ताठ उभे राहून आळीपाळीने एकेक वाक्य म्हणतात. पन्नास वर्षांच्या दोस्त्या आणि दुश्मन्या हाताशी असताना, सगळे कसे आपण बनवलेल्या नवख्या पात्राला कामे सांगत बसतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो खेळ विक्रीतूनच काढून घेतला. निन्टेंडोच्या ‘स्मॅश ब्रॉस’ने २००८ साली ‘सबस्पेस एमिसरी’ या कथाभागात जवळजवळ संवादांशिवाय, हावभावांवर कथा पेलून दाखवली होती, २०१८ च्या ‘अल्टिमेट’मध्ये सगळे योद्धे एका प्रकाशलोटात नाहीसे होऊन एकटा किर्बी वाचतो, ही सुरुवात अंगावर काटा आणते, पण पुढे नकाशावर लढतींमागून लढतीच लागतात.

मग हे जमते कोणाला? त्यासाठी मला परळच्या एका गल्लीत जावे लागते. पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या गाळ्यात चार मशिने होती आणि त्यांतल्या एकावर ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ चालत असे. गल्ल्यावरच्या काकांकडे रुपया दिला की एक कॉइन मिळे, आणि जो हरेल त्याने स्टूल सोडायचे, हा तिथला कायदा. ही मालिकाही मूळची क्रॉसओव्हरच, म्हणजे वेगवेगळ्या मालिकांची पात्रे एकत्र आणणारी, हे आम्हाला फार उशिरा कळले. १९९४ साली एसएनके या जपानी कंपनीने मुख्यतः ‘फेटल फ्युरी’ आणि ‘आर्ट ऑफ फायटिंग’ या आपल्याच दोन मालिकांची पात्रे एकत्र आणून ती सुरू केली होती. तिची कथा म्हणजे लढतींच्या मध्ये येणारी चार चित्रे आणि दोन-चार ओळींचा मजकूर, आणि तोही आमच्यापैकी कोणी धड वाचत नव्हते. तरीही इयोरी आणि क्यो या दोन योद्ध्यांचे पिढीजात वैर आहे, हे गल्लीतल्या पोरापोराला ठाऊक होते. पुढे इयोरी पाठीतून वाकून, जनावरासारखा हात लोंबकळवत समोर यायचा, तेव्हा मागे उभी असलेली मोठी मुले कुजबुजायची, “बघ, रक्त चढलं त्याला.” ओरोची या मुख्य खलनायकाचे रक्त हा त्याच्या घराण्याचा शाप होता. ज्याला आपण एरवी आपल्या बाजूने खेळवतो, तोच असा वेडापिसा होऊन समोर येतो, याची जी भीती वाटायची ती पुढच्या कोणत्याही चकचकीत कटसीनने मला दिलेली नाही.

एसएनकेला कोणाची परवानगी घ्यायची नव्हती, हे त्याचे साधे कारण. २०१२ च्या ‘पर्सोना ४ अरिना’चेही तेच. ‘पर्सोना’ या एकाच मालकाच्या मालिकेतल्या तिसऱ्या आणि चौथ्या खेळाची मंडळी तिथे भेटतात, पण तिसऱ्यातली मित्सुरू आणि आकिहिको मध्यंतरीची वर्षे जगून, मोठी होऊन आलेली असतात. काळ पुढे सरकला, एवढ्यानेही भेटीला वजन येते.

परवानगीचा प्रश्न मात्र दोन मालकांमध्ये सुटतच नाही, असे कोणी म्हटले तर मला आपल्याच मुंबईतला ८ जुलै १९२१ चा संयुक्त ‘मानापमान’चा प्रयोग आठवतो. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या; केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. रसिकांच्या दृष्टीने हा सामनाच होता. पण त्यासाठी कोणी नवे नाटक बेतले नाही, किंवा दोघांवर चाल करून येणारा तिसरा राक्षस आणला नाही. खाडिलकरांच्या नाटकात भामिनीला आपला तोरा उतरवून, वनमाला होऊन धैर्यधरासमोर यावे लागते, आणि बालगंधर्वांची भामिनी त्या रात्रीही तशीच आली. आमच्या नटाचे पात्र वाकणार नाही, अशी अट कोणी घातली असती तर त्या नाटकात उरले काय असते?

हे सगळे मी भाच्याला सांगितले नाही. रेडन आणि सुपरमॅन यांचा समेट होऊन डार्क कान आडवा झाल्यावर त्याने श्रेयनामावलीही न पाहता बटण दाबून मेनू गाठला आणि म्हणाला, “मामा, आता आपण दोघं खेळू. जो हरेल त्याने खालून वडापाव आणायचे.” त्याने जोकर घेतला, मी स्कॉर्पियन. आमच्या इमारतीची लिफ्ट त्या आठवड्यात बंद होती आणि आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. पहिल्या फेरीत आम्ही दोघेही असे दबकत खेळलो की काटा संपत आला तरी कोणी पुढे येईना. संध्याकाळभरात ते चार मजले मी दोनदा उतरलो, आणि दुसऱ्यांदा त्याने वरून ओरडून सुकी चटणी जास्त आणायला सांगितले.