मालकाचं उत्तर : गार पिठलं आणि कोकणकड्यावरचा सूर्योदय

नमस्कार साहेब,

आपण हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईतल्या आमच्या घरगुती मुक्कामाला एक स्टार दिलात आणि लिहिलंत, 'रात्री एक वाजता गार पिठलं वाढलं, पैसे पूर्ण घेतले, गडावर शेकोटी करू दिली नाही, कोकणकड्यावरचा सूर्योदयही दाखवला नाही.' आपल्याला त्रास झाला, माफी असावी. पण एक का वाजला, ते वाचणाऱ्यांनाही कळू द्या.

जेवण आठला ठरलं होतं आणि आठला तयार होतं. ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असं करत पाचनईला या, हा मेसेज मी दुपारीच टाकला होता. त्यावर आपला 'ओके'ही आला. साडेनऊला फोन आला तो खिरेश्वरहून! मोबाईलचा नकाशा नेतो खरा तिकडे. खिरेश्वरही हरिश्चंद्रगडाच्याच पायथ्याला, पण जुन्नरच्या बाजूनं. आम्ही अकोले तालुक्यात, मधे अख्खा गड आडवा. तिथून माणूस तोलार खिंडीतून चढून येईल, गाडी कशी येणार? मागे फिरून ओतूर गाठायचं, मग कोतूळ, मग रात्रीचा घाटरस्ता. आपण पोचलात पाऊण वाजता.

तोवर आमच्या घरात कुणी पाठ टेकली नव्हती. पिठलं गार झालं की घट्ट होतं, पाणी घालून पुन्हा उकळावं लागतं. ते केलं. सकाळची लवकरची उठलेली आई चुलीपुढं बसून परत नागलीच्या भाकरी थापत होती. ताटं वाढली तेव्हा वाफ येत होती, साहेब. आपल्यातली दोघं रेंज शोधत देवळाकडे गेली आणि बाकीचे त्यांच्यासाठी थांबले. पैसे ठरले तेवढेच घेतले, दुसऱ्यांदा चूल पेटवल्याचे नाही लावले.

शेकोटीचं म्हणाल तर १९८६ पासून हे अभयारण्य आहे. तिथं जाळ करायला मी कोण परवानगी देणारा?

आता सूर्योदय. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे. तिथं सूर्य मावळताना बघतात. उगवताना बघायचा तर तारामती शिखरावर जायचं, चौदाशे मीटरहून उंच, आणि त्यासाठी अंधारात निघावं लागतं. वाटाड्या पोरगा चार वाजता बॅटरी घेऊन दारात उभा होता. आपली मंडळी साडेआठला उठली. सकाळी कड्यावर जाण्यात मजा आहे ती इंद्रवज्राची. पाठीशी ऊन, समोर दरीत धुकं, त्यात गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपलीच सावली. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३५ मध्ये ते पाहिल्याची नोंद आहे. पण ते निसर्गाचं काम, आमच्या पॅकेजमध्ये ते नाही आणि मी कधी कबूलही केलेलं नाही.

गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतले आपले फोटो मात्र झकास आलेत. पिंडीभोवतीच्या गार पाण्यात आपण, मागं चारांतला तो एकच शाबूत खांब. ते फोटो आमच्याच वाटाड्यानं काढले होते, त्याचा उल्लेख कुठं दिसला नाही. असो.

अन्न गरम राहील असे डबे घ्यायचं चाललंय, रस्त्याचंही काहीतरी नीट लिहून पाठवत जाऊ. पुन्हा या. फक्त कोतूळ सोडण्याआधी एक फोन करा, पुढं रेंज जाते.