‘शेजारधर्म म्हणजे धर्मसंवाद नव्हे’ या प्रतिक्रियेला उत्तर

कोकणातले बेने इस्रायली ज्यू आणि त्यांचे हिंदू शेजारी यांच्यातलं नातं हा दोन धर्मांमधला संवादच होता, असं मांडणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘शेजारी गोडीगुलाबीनं राहिले, याला धर्मसंवाद म्हणत नाहीत. यात धर्म कुठे आला? असलं भाबडं लिहिणाऱ्यांनी आधी वाचावं.’ पुढे धर्मसंवादाचं माप म्हणून व्हॅटिकनचा दाखला आणि गाझाचा जाबही आहे.

मतभेद असू द्या. पण ‘आधी वाचावं’ हे कुणाला उद्देशून? मी काय वाचलंय, कुठे वाढलोय, हे तुम्हाला ठाऊक नाही. विचारायचीही तसदी घेतली नाहीत. टोपणनावाआडून माणसाला भाबडा ठरवणं सोपं असतं.

माझं लहानपण अलिबागला गेलं. शेजारच्या ज्यू आजी शनिवारी चूल पेटवत नसत. त्यांच्याकडचा मलिदा, म्हणजे खोबरं-साखर घातलेले गोड पोहे, आमच्या घरी यायचा. आमच्या देवाचा प्रसाद मात्र त्या घेत नसत. मूर्तीपुढे ठेवलेलं आम्हाला चालत नाही, असं त्यांनी माझ्या आजीला ओटीवर बसून स्पष्ट सांगितलं. आजीनं विचारलं, मग तुम्ही डोळे मिटून कुणाला बघता? त्यावर दोघी तिन्हीसांजेपर्यंत बोलत होत्या. यात धर्म नाही, तर काय आहे?

आणि हे केवळ आमच्या ओटीवरचं नाही. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलींनी हिंदू हरिकीर्तनाचा साचा उचलला. साकी, दिंडी, ओवी हे कीर्तनातले छंद, सगळं मराठीत. आख्यान मात्र अब्राहामाचं, योसेफाचं. चाल घेतली, देव घेतला नाही. दुसऱ्याच्या कीर्तनातलं आपल्याला काय चालेल आणि काय चालणार नाही, हे दोन्ही धर्म नीट कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

त्याआधी जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत आले. त्यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण काढलं. हेतू धर्मांतराचा होता, हे काही लपून नव्हतं. बेने इस्रायली मिशनच्या शाळांत गेले, हिब्रू शिकले, आपलेच ग्रंथ मुळातून वाचू लागले. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. तुम्हाला हवा असलेला धर्माचा प्रश्न इथे उघड उभा होता आणि या लोकांनी तो भांडण न करता सोडवला. माझा सगळा लेख याच आग्रहापोटी लिहिला आहे: फरक झाकून नव्हे, बोलून दाखवूनच माणसं जवळ येतात.

एक मान्य. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेला मी एका ओळीत उरकलं. ज्यूंनी काढलेल्या त्या शाळेत आज बहुसंख्य मुलं मुस्लिम आहेत. तिच्यावर जास्त लिहायला हवं होतं.

व्हॅटिकनचं म्हणाल, तर इतर धर्मांशी असलेल्या नात्यावर कॅथलिक चर्चनं १९६५ साली काढलेल्या ‘नोस्त्रा एताते’ जाहीरनाम्याचं मोल मी जाणतो. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर टाकणं चर्चनं त्यात नाकारलं. तिथे शतकांच्या छळाचा हिशेब होता, कोकणात तो नव्हता. त्या मापानं हे मोजू नका.

गाझाबद्दल एवढंच, की रेवदंड्याच्या म्हाताऱ्या ज्यू माणसाला रस्त्यात अडवून त्याचा जाब विचारणं मला अन्याय वाटतो, आणि तुमच्या प्रतिक्रियेचा रोख तिकडेच आहे. त्यावर मी इथे वाद घालणार नाही. कीर्तनाबद्दल, विल्सनबद्दल काही खोडून काढायचं असेल तर जरूर लिहा. प्रतिक्रिया ठेवली आहे, काढणार नाही. पुढच्या वेळी नाव घालून लिहा.